एक्केचाळीस फुल्या

कापेल, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

लेकाकडे परदेशात येऊन पाच दिवस झाले. धम्मपाल म्हणाला, "आई, नव्वद दिवसांचा व्हिसा आहे. रोज 'करमत नाही' म्हणून माझं डोकं खाण्यापेक्षा या वहीत लिही." वही त्याच्या ऑफिसची आहे, कागद गुळगुळीत. मी लिहायला शिकले तीच मुळी गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या रजिस्टरवर, तिशी उलटल्यावर. नर्सबाईंना चष्म्यातूनही दिसेना, म्हणून त्या सांगायच्या आणि मी गिरवायची. त्यामुळे रकाने नसलेल्या पानावर हात जरा बिचकतो.

आज तेजल आली होती. माझ्या धाकट्या भावाची, शिवाजीची मुलगी. जानेवारीपासून याच देशात, ग्रोनिंगनच्या विद्यापीठात आहे. ज्या समाजातली मुलं आरोग्याच्या संशोधनात कुठे दिसतच नाहीत, अशा आठ जणांना जगभरातून वेचून सहा महिन्यांचं प्रशिक्षण देतात. भारतातून ही एकटी. तिथे लायब्ररीच्या दारापाशी तिचा माणसाएवढा फोटो लावलाय. मी तो लगेच गावच्या ग्रुपवर टाकला.

"आत्या, काढ तो तिथून."

"काऊन गं? लाजायचं काय त्यात?"

"मी जीन्स-स्वेटरवर होते. फोटोवाला म्हणाला, तुमच्याकडचं काही रंगीत नाही का? मग त्याच्याच पिशवीतली ओढणी माझ्या गळ्यात घातली."

"पण छान दिसतेस ओढणीत!"

ती हसली नाही. थंडीने दमली असेल. जाताना ठेच्याची बरणी दिली.

रविवार, १६ फेब्रुवारी

तेजलचा फोन. तिला खरं काम मिळालंय. आपल्या चंद्रपूरकडच्या गावांत दोन वर्षांपूर्वी सिकलसेलची तपासणी झाली होती, तिच्या रजिस्टरची पानं इथे आली आहेत. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. आईबापाकडून लेकरात येतो. आपल्या बौद्धवाडीत आणि आदिवासी टोल्यावर घराघरात आहे. बोटातून थेंबभर रक्त घेतलं की कळतं.

पानं मराठीत, तीही घाईघाईच्या अक्षरात. तिथे वाचणारी ही एकटी. सकाळी आठपासून पानं वाचायची आणि कॉम्प्युटरात भरायची. बाकीची सात मुलं आकडेमोड शिकतात, ही भरते. मी म्हटलं, बरंच आहे की, तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. डोकं खाली घालून काम कर, नाव निघेल.

तिच्या बाईंचं नाव हेंड्रिके. प्रोफेसर असून सगळ्यांना नावाने हाक मारायला लावतात. तेजलला सर्दी झाली तर सायकलवरून सूप घेऊन आल्या. अशी माणसं मिळायला नशीब लागतं. त्यांच्या शिफारसपत्रावर तेजलची पुढची पीएच.डी.ची जागा आहे, चार वर्षांची, पगारी. मार्चअखेरपर्यंत पत्र जायला हवं.

शनिवार, १ मार्च

आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

तेजल दोन दिवस राहायला आली आणि जेवणाच्या टेबलावरच काम पसरलं. नावांवर काळी पट्टी, फक्त घर क्रमांक दिसतात. मी भाजी निवडता निवडता डोकावले. पानावर फुल्या. आपल्याच गावच्या दोन वाड्या मिळून शहाण्णव घरं, त्यात एक्केचाळीस फुल्या.

"एवढी घरं बंद?" मी म्हटलं.

"बंद नाही आत्या. फुली म्हणजे नकार. पानांसोबत आलेल्या खुणांच्या यादीत तसं लिहिलंय."

"कोणी लिहिलं?"

"रजिस्टरं गोळा करून इकडे पाठवणाऱ्या पुण्याच्या एजन्सीने."

"त्या एजन्सीतलं कोणी कधी आमच्यासोबत उन्हात फिरलं होतं का? अगं, कुलूप दिसलं की फुली मारायची. फुली म्हणजे परत जायचं. सव्वीस वर्षं मारल्या आहेत मी! कोणी नाही म्हटलं तर नुसत्या फुलीवर सुटका नसते. कारण लिहावं लागतं, मग सुपरवायझर स्वतः जाऊन समजावतो आणि कडेला सही करतो. दाखव मला सही."

आम्ही दोघींनी पानन् पान बघितलं. सही एकच सापडली. कारणही लिहिलं होतं: 'मुलीचं लग्न ठरलं आहे, आता नको.' तो खरा नकार. बाकी चाळीस नुसत्या फुल्या.

"तारीख काय आहे वर?"

"फेब्रुवारीची अठरा ते मार्चची पाच."

मी निवडलेली मेथी तशीच राहिली. फेब्रुवारी-मार्चात त्या वाड्यांत असतं कोण? म्हातारे आणि कोंबड्या. सगळं गाव तेलंगणात मिरची तोडायला गेलेलं असतं, लेकराबाळांसकट. एप्रिल संपता संपता येतात, हाताची आग होत असलेले. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आणि हेंड्रिकेबाईंच्या लोकांनी काय लिहिलंय? तेजलने लेखाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. वंचित समाजात तपासणीबद्दल 'खोल अविश्वास' आहे. दर शंभरात त्रेचाळीस घरं दार लावून घेतात. तो दूर करायला प्रबोधन हवं. त्यासाठी पुढची मोठी योजना मागायची.

अविश्वास म्हणे! ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांच्या तोंडात 'नाही' घातलं! अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर एक ऐकत आले की आपली माणसं अडाणी, आपली माणसं घाबरतात, आपल्या माणसांना कळत नाही. आता तेच इंग्रजीत, तक्त्यासकट.

मी बडबडत होते तेव्हा तेजल एका पानावर थांबली. बराच वेळ बघत राहिली आणि मग लॅपटॉप मिटला. "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही. सोमवारी सांगते हेंड्रिकेला."

सोमवार, ३ मार्च

धम्मपालशी भांडण झालं. तो म्हणतो, "आई, तू तिला पेटवू नकोस. पत्र येईपर्यंत गप्प बसू दे. नंतर जग सुधारा."

"आणि लेख छापून गेला तर?"

"असे हजार लेख छापतात, कोणी वाचत नाही."

"मग योजना कशावर देतात रे बाबा?"

त्यावर सूनबाई, शर्वरी, म्हणाली, "आई, शनिवारी महाराष्ट्र मंडळात जायचंय, तिथे हे काढू नका हं." हे म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं. मागच्या वेळी तिने मैत्रिणींना सांगितलं की मी नर्स होते. मी अंशकालीन स्त्री परिचर होते, उपकेंद्राची झाडलोट करणारी. बोलण्याच्या ओघात चुकली असेल.

मनात एक पाल चुकचुकते आहे. धम्मपाल म्हणतो ते बरोबर असेल तर? शिवाजीची पोर इथवर आली ती काही माझ्या तोंडाळपणाने खाली पडायला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

सांगितलं पोरीने. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! म्हणाल्या, तेजल, हा तुझा अनुभव फार मोलाचा आहे, तो वेबसाइटवरच्या 'माझी गोष्ट' मध्ये लिही. पण विश्लेषण ठरलेल्या यादीप्रमाणेच होईल, आठवणींवर आकडे बदलता येत नाहीत. पुरावा असेल तर बघू.

म्हणजे हिने रजिस्टर वाचलं की ते काम, आणि रजिस्टरचा अर्थ सांगितला की ती गोष्ट!

"तू जोर काऊन नाही केला? तुझे आईबाप तर स्वतः जातात मिरचीला. सांगायचं होतं तोंडावर!"

"ते नाही सांगणार मी तिथे."

"काऊन?"

"आत्या, ठेवते आता."

इतका चांगला मुद्दा हातात असून पोर दातखिळी बसल्यासारखी गप्प. आमच्या घराण्यात कोणी एवढं भिडस्त नव्हतं. बापाच्या कष्टाची लाज वाटते की काय हिला? वाटत असेल तर मला फार वाईट वाटेल.

सोमवार, १० मार्च

पुरावा हवा ना? घ्या!

माझ्या जागी आता उपकेंद्रावर संपदा आहे. तिला सकाळीच फोन लावला. फुल्यांचं नाव काढलं आणि ती उसळलीच. "मावशी, त्या फुल्या मीच मारल्या! कुलपं होती सगळी. मे महिन्यात परत गेलो ना आम्ही, भर उन्हात, वेगळं रजिस्टर करून. चाळीसपैकी अडतीस घरांनी रक्त दिलं. दोन घरं गावच सोडून गेली. ते दुसरं रजिस्टर कोणी मागितलंच नाही आमच्याकडे. एजन्सीवाला मार्चमध्ये पहिलं घेऊन गेला तो गेलाच."

अडतीस! मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या.

"फोटो काढून पाठव."

"पाठवते की."

तासाभरात अठरा पानांचे फोटो आले. मी तसेच तेजलला पाठवले आणि खाली लिहिलं, 'दाखव तुझ्या बाईंना.' आज पोटभर जेवले.

गुरुवार, १३ मार्च

काय करून बसले मी!

त्या फोटोंवर काळी पट्टी नव्हती. नावं, वयं, समोर निकाल. कोणाला आजार आहे, कोण नुसता वाहक आहे, सगळं उघडं. आमच्याकडे लसीचा अहवाल, बाळंतिणीचं वजन, साहेबांचा दौरा, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं. माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. तेजलने घाईत ते फोटो हेंड्रिकेबाईंच्या मेलवर पाठवले. बाईंनी नियमाप्रमाणे वर कळवलं. तेजलचं कॉम्प्युटर खातं बंद झालं. पंचवीस तारखेला गोपनीयता अधिकाऱ्यांसमोर खुलासा द्यायचा आहे. प्रशिक्षणातूनही काढू शकतात.

आधी मला नियमाचाच राग आला. आमच्या नावावर खोटा नकार खपतो आणि आमचं खरं नाव गुन्हा! दिवसभर धुसफुसत होते. मग भांडी लावताना एकदम एक मुलगी आठवली. उपकेंद्रात रजिस्टर उघडं राहिलं होतं, पाहुण्यातल्या कोणीतरी बघितलं, आणि ठरलेलं लग्न मोडलं. नुसती वाहक होती ती, धडधाकट. रजिस्टर उघडं मीच ठेवलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नियम बरोबर आहे. चूक माझी आहे. आणि तरीही त्या फुल्या नकार नाहीत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि माझ्या डोक्यात मावत नाहीत.

संपदाला सांगून तिच्या फोनमधले फोटो पुसायला लावले. माझे शर्वरीने पुसून दिले. मग चहा ठेवला.

बुधवार, १९ मार्च

तेजल फोन उचलत नाही. 'ठीक आहे आत्या' एवढाच मेसेज.

मंगळवार, २५ मार्च

धम्मपालने रजा काढली. मी सांगितलं नव्हतं. सकाळी सहाला गाडीची किल्ली घेऊन उभा. "चल. मी पण येतो. तुझं इंग्रजी कोण करणार?" अडीच तासांनी ग्रोनिंगनला पोचलो.

खोलीत काचेचं टेबल. गोपनीयता अधिकारी यान, उंच, मवाळ आवाजाचा. हेंड्रिकेबाई. तेजल पांढरीफटक. मला बघून बाई उठल्या, हात हातात घेतला. खरंच प्रेमळ बाई आहे. त्याचीच पंचाईत.

यानने विचारलं, ही बाई कोण, काय काम करायची. धम्मपाल म्हणाला, "माझी आई. पार्टटाइम अटेंडंट होती. उपकेंद्र झाडायची आणि घरोघर जायची." पार्टटाइम हा शब्द मला कळतो, माझ्या ऑर्डरवर होता.

मी उभी राहिले. म्हटलं, फोटो मी मागवले. पोरीची चूक नाही. नावं उघडी पडली हे वाईट झालं, त्याने लग्नं मोडतात, मला ठाऊक आहे. शिक्षा द्यायची तर मला द्या. पण साहेब, उघड्या नावाची तुम्हाला एवढी काळजी आहे, ती बरोबर आहे. मग खोट्या नकाराची का नाही? तोही त्याच माणसांच्या नावावर लागलाय.

धम्मपालने ते इंग्रजीत सांगितलं. मी बोलले त्यापेक्षा जास्त वेळ बोलत होता. आवाज चढला होता त्याचा. ऑफिसातून येऊन जॅकेट टांगणारा माझा मुलगा असा बोलताना मी पहिल्यांदा ऐकला.

यान म्हणाला, फोटो पुसले गेले आहेत, हेतू वाईट नव्हता, लेखी समज पुरेशी आहे. दुसरं रजिस्टर हवं तर रीतसर पत्राने मागवा, चार-सहा महिने लागतील. बाई म्हणाल्या, लेख जूनमध्ये जायचाय, तोवर थांबता येणार नाही. पण 'काही घरं बंद असू शकतील' असं एक वाक्य शेवटी घालता येईल. एक वाक्य!

मग यानने तेजलला नियम समजावायला घेतले, लहान मुलीला सांगतात तसे. माहिती ज्याची असते, मालकी त्याची. ती आपल्याकडे चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्यायचा त्याला हक्क असतो, आणि संस्थेला महिन्याभरात उत्तर द्यावंच लागतं.

तेजलने मान वर केली. "तो अर्ज कुठे मिळतो?"

"कशाला?"

"घर क्रमांक सत्तावीस. माझं घर आहे. मी नागपूरला हॉस्टेलवर होते, आईबाबा मिरचीच्या शेतावर. आमच्या घराने नकार दिला नव्हता. तुमच्या कागदावर तसं लिहिलंय. दुरुस्त करा."

धम्मपालने हे मला हळू आवाजात सांगितलं तेव्हा कळलं की त्या दिवशी ती कुठल्या पानावर थांबली होती.

हेंड्रिकेबाई पुढे झुकल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "तेजल, हे तू आधी का नाही सांगितलंस? हे तुझ्या गोष्टीत किती सुंदर..." आणि थांबल्या.

"म्हणूनच नाही सांगितलं," तेजल म्हणाली.

यानने अर्ज छापून आणला. तेजलने तिथेच भरला. तो बाईंना म्हणाला, "आणि ही एक फुली चुकीची ठरली, तर बाकीच्या बरोबर आहेत हे तुम्हाला दाखवावं लागेल."

तेजलला सोबत घरी घेऊन निघालो. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "मला वाटलं, तुला बापाच्या कामाची लाज वाटते."

"माहीत होतं मला, तुला तसं वाटणार," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. शर्वरीने खीर केली आणि मंडळाच्या ग्रुपवर घरातल्या जयंतीचा फोटो टाकला. खाली तीन अंगठे आले. बाकीचे सगळे बहुतेक कामात असतील.

दुपारी तेजल आली. घर क्रमांक सत्तावीसचं उत्तर आलंय. 'नकार' काढून 'घर बंद' केलं. उरलेल्या एकोणचाळीस फुल्या संशयास्पद म्हणून बाजूला काढल्या, लेख थांबवला, दुसऱ्या रजिस्टरसाठी पत्र गेलं. जूनमध्ये कोणीतरी गावात जाऊन बघणारही आहे.

आणि शिफारसपत्रही गेलं. दोन ओळींचं. 'तेजलने प्रशिक्षणाला हजेरी लावली व नेमून दिलेली कामं पूर्ण केली.' खोटं एक अक्षर नाही. सुपाच्या डब्याचा जो प्रेमळपणा होता तो त्या दोन ओळींतून कसा निथळून गेला, बघत राहावं. पीएच.डी.ची जागा दुसऱ्याला गेली. लायब्ररीतला फोटो मात्र अजून तिथेच आहे, ओढणीसकट. काढा म्हणून तिने दोनदा लिहिलं. बघतो म्हणतात.

धम्मपाल म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं ना..." आणि पुढे म्हणाला, "दुसऱ्या जागांचे अर्ज आज बसून भरू." दोघं संध्याकाळपर्यंत भरत होते. मी खिरीच्या वाट्या नेऊन दिल्या. माझा राग काही जात नाही. जाऊही नये असं वाटतं.

गुरुवार, २४ एप्रिल

रविवारी माझं विमान. बॅग भरत होते तर मालिनीचा फोन आला. तेजलची आई. कालच दोघं तेलंगणातून घरी आलीत. हात भाजल्यासारखे झालेत म्हणाली, भाकरी थापवत नाही.

"बाई, पोरीचं काय झालं म्हनता?"

तेजलने तिला अर्धंच सांगितलं होतं. मी सगळं सांगितलं, फुल्यांपासून दोन ओळींच्या पत्रापर्यंत. वाटलं, जागा गेली म्हणून रडेल, मला बोल लावेल. लावला असता तर ऐकून घेतलं असतं. मागे शिवाजी कुलपाला तेल घालत होता वाटतं, खडखड ऐकू येत होती.

"म्हंजे आमी नाई म्हनलो, असं लिवलं होतं थ्यायनं?"

"हो."

"आमी?"

"हो गं."

"बाई, नाई म्हनाले आमाले कोनी इचारलंच कवा? मे मंदी आले तवा तं रगत देलं आमी."

मग तिनेच विचारलं.

"आता परत येतीन म्हनता काय कोनी?"

"जूनमध्ये येणार म्हणतात."

"या म्हना," मालिनी म्हणाली. "जूनात आमी घरीच रायतो."